प्रयोज्याचे अंतर्निरीक्षण

नागपुरात ऊन आणि परीक्षा एकाच महिन्यात आणायची अक्कल कोणाची, ते मला अजून कळलेलं नाही. एप्रिल अर्धा सरला की दुपारी बारानंतर सक्करदऱ्याचा रस्ता ओस पडतो, कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली शिरून बसतात, आणि नेमक्या त्याच वेळी तोंडाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवलेल्या मुली स्कूटीवरून प्रॅक्टिकलला निघतात. आमच्या मानसशास्त्र विभागात दोन कूलर आहेत. एकात पाणी टिकत नाही, आणि दुसऱ्याचा पंखा असा खडखडतो की व्हायवात प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो. ओल्या खसचा वास मात्र दोन्हीतून सारखाच येतो. तो नाकात शिरला की मला तिथून उठून जावंसं वाटतं. एवढी वर्षं झाली शिकवून, तरी वाटतंच. लोकांना वाटतं परीक्षेची भीती जात नाही तसं काही असेल. मीही सगळ्यांना तसंच सांगते.

मागच्या आठवड्यात टेबलावर जर्नलचा ढीग होता आणि मी सह्या करत बसले होते. ज्यांनी हा विषय घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडूक लागत नाही की परीक्षानळी लागत नाही. एक जिवंत माणूस लागतो. आपण ‘प्रयोगकर्ता’ आणि तो ‘प्रयोज्य’. त्याला समोर बसवायचं, सूचना वाचून दाखवायच्या, हातात स्टॉपवॉच धरायचं, आकडे लिहायचे, आलेख काढायचा. आणि सगळं आटोपलं की शेवटच्या पानावर एक मथळा टाकायचा: प्रयोज्याचे अंतर्निरीक्षण. म्हणजे प्रयोग चालू असताना त्या माणसाच्या मनात काय काय झालं, ते त्याला विचारून त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची.

कोणी विचारत नाही. हे आमच्या विषयातलं उघड गुपित आहे. ‘सूचना स्पष्ट होत्या. सुरुवातीला थोडे दडपण वाटले. नंतर प्रयोग मनोरंजक वाटला.’ ही तीन वाक्यं एका बॅचच्या जर्नलातून दुसऱ्या बॅचच्या जर्नलात इतकी वर्षं उतरत आली आहेत की ती पहिल्यांदा कोणी लिहिली ते कोणालाच ठाऊक नाही. सहीही पोरं आपसात करून टाकतात. नागपूर जिल्ह्यातल्या यच्चयावत प्रयोज्यांना सुरुवातीला थोडे दडपण वाटते आणि नंतर मनोरंजन होते. आम्ही मास्तर लोक ते पान उलटून खाली सही ठोकतो.

तर त्या दिवशी समीक्षा नावाची माझी एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन आली. म्हणाली, ‘‘मॅडम, मी आईले प्रयोज्य केलं होतं. शेवटी विचारलं तर ती लई मोठं सांगत बसली. लग्नाच्या आधीचं वगैरे. रडलीपण. ते सगळं लिहाचं का?’’

मी मान वर न करता म्हटलं, ‘‘दोन-तीन ओळी पुरे. सीनिअरचं पाहून घे.’’

ती ‘हो मॅडम’ म्हणून गेली. मी पुढचं जर्नल ओढलं, पेन टेकवलं, आणि माझा हात तिथेच थांबला. कूलर खडखडत होता. मला त्या क्षणी माझी स्वतःची शिसारी आली, आणि हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही.

कारण वनिता वहिनीलाही मी हेच म्हटलं होतं, दुसऱ्या शब्दांत.

मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. वहिनी उमरेडची. विणकराच्या घरची, मागाच्या खटखटीत वाढलेली. माझ्याहून वर्षभरानं लहानच असेल, पण नात्यानं मी नणंद, म्हणून ती मला ‘ताई’ आणि ‘तुमी’ म्हणायची आणि मी तिला ‘वहिनी, तू’. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या आदल्या थंडीत, पौषात, तिला सातव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं आणि ती रिकाम्या हातांनी परत आली. मुलगी होती. आईनं ती घरी यायच्या आत, गोळा केलेले झबली-लंगोट एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले आणि आम्हा सगळ्यांना बजावलं, ‘‘तिच्यासमोर नाव काढाचं नाही. नाव काढलं नाही का माणूस विसरते.’’ आई वाईट नव्हती. तिच्या आईनंही तिला असंच विसरायला लावलं असणार. दादा तर मुळातच बोलायला कंजूष. तो कामावरून यायचा, जेवायचा आणि गच्चीवर पाणी मारायला जायचा. गच्ची तापलेली असायची हे खरं, पण इतकं पाणी कोणी मारत नाही.

आणि मग माझी परीक्षा आली. आमच्याकडे ‘परीक्षेचं घर’ म्हणून एक प्रकार असतो. टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्यानं बोलणं बंद. एका दुपारी मी आतल्या खोलीत कार्यवाद पाठ करत होते आणि स्वयंपाकघरातून हुंदका ऐकू आला. पाठोपाठ आईचा दबका आवाज: ‘‘वनिता, पोरीचे पेपर हायेत. परीक्षेच्या घरात असं रडत नाही वं.’’ हुंदका थांबला. मी पुढच्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मला तेव्हा बरंच वाटलं, हे सांगून टाकलेलं बरं.

त्या पेपरचं नाव होतं ‘मानसशास्त्राचा इतिहास आणि संप्रदाय’. मला तो फार आवडायचा. अजूनही आवडतो, शिकवायला तोच मागून घेते. मनाचं शास्त्र करू पाहणाऱ्या माणसांची ही दीडेकशे वर्षांची भांडणं आहेत, आणि भाऊबंदकीसारखी आहेत. एकानं बांधलेली भिंत दुसऱ्यानं पाडायची आणि त्याच विटांनी आपली उभी करायची. सुरुवात झाली जर्मनीत, एका प्रयोगशाळेत. तिथे माणसाला खुर्चीत बसवून लोलकाचे ठोके ऐकवायचे आणि विचारायचे, आत काय झालं सांग. ताण वाटला? सैल वाटलं? मनाचे तुकडे करून ते मोजता येतील, असा त्यांचा भाबडा विश्वास होता. हा रचनावाद. पुढे तो अमेरिकेत गेला आणि आणखी कडक झाला. समोर सफरचंद ठेवलं तर ‘सफरचंद’ म्हणायची बंदी! लाल म्हणा, गोल म्हणा, गार म्हणा. वस्तूचं नाव घेतलं की ती चूक धरायचे. अशा निरीक्षकांना महिनोन्महिने शिकवून तयार करत.

आमच्या घरातही तेच शिक्षण चालू होतं. झालेल्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही. ‘तब्येत जरा नरम आहे’ म्हणायचं, ‘चेहरा उतरला’ म्हणायचं, ‘उन्हानं होतं असं’ म्हणायचं. वहिनी हे सगळं फार लवकर शिकली.

कार्यवादी म्हणाले, मनात काय आहे ते सोडा, मन कामाला कसं येतं ते बघा. या मताचे लोक आमच्या गल्लीत घरोघरी होते. सून उठते ना, स्वयंपाक करते ना, मग ती बरी आहे. त्या उन्हाळ्यात वहिनीनं सरगुंडे केले, कुरडया घातल्या, मिरच्यांचे देठ खुडले, कैरीचा किस वाळवला. काड्यांवर ओल्या गव्हाच्या पिठाची सुतासारखी वळी गुंडाळताना तिची बोटं इतकी चालायची की शेजारणी बघत उभ्या राहायच्या. ‘‘विणकराची पोर आहे,’’ आई कौतुकानं सांगायची. दुपारी आई कूलरसमोर चटई टाकून झोपायची, मी पलंगावर पुस्तक घेऊन लोळायचे आणि वहिनी उंबऱ्याजवळ, जिथे कूलरचा वारा संपतो तिथे, सूप घेऊन बसलेली असायची. सुनेनं दिवसा आडवं व्हायचं नाही हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता, तरी तो होता. व्हिएन्नातल्या त्या डॉक्टरनं आपल्या रोग्यांना कोचावर आडवं करून ‘मनात येईल ते बोला’ म्हटलं, हे मी पलंगावर आडवी पडून पाठ करत होते. आडवं व्हायची मुभा आणि वाटेल ते बोलायची मुभा, या दोन्ही गोष्टी त्या वेळी घरात एकटीलाच होत्या. मला.

प्रयोज्य कोण हा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. मैत्रिणी एकमेकींच्या प्रयोज्य व्हायच्या, तर मी घरी आयती वहिनी असताना बाहेर कशाला जाऊ? तिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. आरशात बघून चांदणी गिरवायची, निरर्थक अक्षरं पाठ करायची, दोन रेषांतली लांब कोणती ते सांगायचं, सगळं तिनं केलं. पहिल्या वेळी लाजली. दुसऱ्या वेळी पदर खोचून बसली. चौथ्या-पाचव्या प्रयोगाला तर तीच विचारायला लागली, ‘‘ताई, आज काही प्रयोग नाही का?’’ मी आईला हसून म्हटलं, ‘‘बघ, हिला चटक लागली.’’ इतकी पुस्तकं वाचणाऱ्या पोरीला एवढं कळू नये, की दिवसभरात तिच्या समोर बसून तिला काही विचारणारी, आणि उत्तर येईपर्यंत तिच्याकडे बघणारी मी एकटीच होते?

मी तिला माझा अभ्यासही ऐकवायचे. म्हणजे ती सूप पाखडत असायची आणि मी मोठ्यानं पाठ करायचे. एकदा वर्तनवाद चालू होता. वर्तनवाद्यांनी तर मनच काढून टाकलं. आतलं दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणून ते नाही. दिसतं ते वागणं, बस. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते. त्या ओघात मी तिला तो छोट्या बाळाचा प्रयोग सांगितला. बाळाला पांढरा उंदीर दाखवायचे. बाळ आनंदानं हात पुढे करायचं. मग त्यानं उंदराला हात लावला की मागून लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचे. असं बरेचदा केल्यावर ते बाळ नुसत्या उंदरालाच घाबरायला लागलं. मग सशाला, केसाळ कोटाला, पांढऱ्या दाढीलाही. भीती शिकवता येते हे त्यांनी सिद्ध केलं. मी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं, कारण त्यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास असतो.

वहिनीचं सूप थांबलं. ‘‘मंग त्या लेकराचं काय झालं?’’

‘‘काय झालं म्हणजे?’’

‘‘भेव काढलं का मंग त्याचं, कोणी?’’

मी पुस्तक उलटून पाहिलं. ‘‘नाही. प्रयोग संपला आणि त्याची आई त्याला घेऊन गेली. काढायचं राहून गेलं.’’

‘‘मायले माहीत होतं का, आत काय करून राहिले ते?’’

‘‘वहिनी, ते पुस्तकात नाही वं. ते विचारत नाही परीक्षेत.’’

तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, ‘‘माहीत असतं तर दरवाजातच उभी राहिली असती.’’ मी पुढचा मुद्दा घेतला. आज वर्गात हा प्रयोग शिकवते तेव्हा संशोधनाची नैतिकता या मथळ्याखाली बरंच काही सांगते. पण जे तिनं विचारलं, ते इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलेलं नाही, आणि मलाही ते तिच्यामुळेच सुचलेलं आहे.

शब्दसाहचर्याचा प्रयोग शेवटचा होता. एक यादी असते. आपण एकेक शब्द म्हणायचा, प्रयोज्यानं मनात येणारा पहिला शब्द सांगायचा, आणि मध्ये किती वेळ गेला तो स्टॉपवॉचनं टिपायचा. एखाद्या शब्दाला फार वेळ लागला तर तिथे आत काहीतरी अडकलंय असं समजायचं. मनोगंड, असा भारदस्त शब्द त्याला आहे. संध्याकाळची पाचची वेळ असेल. आई मंदिरात गेली होती. उन्हाची झळ अजून खिडकीतून येत होती. वहिनी हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली.

‘‘टेबल.’’ ‘‘खुर्ची.’’

‘‘पाणी.’’ ‘‘माठ.’’

‘‘रस्ता.’’ ‘‘उमरेड.’’

‘‘पाळणा.’’

यादी विभागातून छापून आलेली होती. मी शब्द आधी वाचले नव्हते. तोंडातून गेल्यावर मला कळलं आणि माझी जीभ चावली गेली. पण प्रयोगात मध्ये बोलायचं नसतं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. घड्याळ चालू होतं. अकरा सेकंद झाले, बारा झाले, तेरा झाले.

‘‘थंडी,’’ ती म्हणाली.

मी बटण दाबलं आणि पुढचा शब्द घेतला.

यादी संपली. मी लगेच तक्ता भरायला बसले, आणि त्या तेरा सेकंदांपाशी अडले. इतका मोठा आकडा आला की सरासरी बिघडते. आलेखाला एक सुळका येतो. मग चर्चेत त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं, व्हायवात बाहेरून आलेले सर त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, प्रयोज्याची पार्श्वभूमी काय? मी काय सांगणार होते, घरातली गोष्ट? मी एकचा आकडा खोडला आणि तीन ठेवला. आलेख कसा छान सपाट, सगळ्यांच्या जर्नलात असतो तसा आला. वहिनी समोरच बसून बघत होती. तिला आकड्यांचं काही कळत नाही, असं मी धरून चालले होते.

मग शेवटचं पान. मी मथळा लिहिला. माझं पेन ‘सूचना स्पष्ट होत्या’पर्यंत पोचलंही होतं. रीत म्हणून विचारलं, ‘‘कसं वाटलं वं वहिनी?’’

‘‘बरं वाटलं,’’ ती म्हणाली. मग थांबून, ‘‘तुमी पाळणा म्हटलं ना ताई. या घरात तो शब्द त्या दिवसापासून आजच ऐकला मी. मले वाटलं होतं, का मले भास झाला का काय. का असं काही झालंच नव्हतं.’’ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ‘‘त्याचंच एक सांगाचं होतं. सांगू का?’’

मी काय केलं असेल? मी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जर्नल जमा करायचं होतं आणि दोन आलेख बाकी होते. आणि खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण हे, की ती बोलली असती तर रडली असती, आणि ती रडली असती तर मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मानसशास्त्राचे सगळे संप्रदाय मला तोंडपाठ होते आणि रडणाऱ्या बाईजवळ कसं बसायचं ते येत नव्हतं.

‘‘नंतर सांगजो वं,’’ मी म्हटलं. ‘‘आधी हे पुरं करू दे.’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. मी उरलेली दोन वाक्यं लिहिली, आणि खाली तिची सही मीच केली.

‘नंतर’ काही आलं नाही. पेपर सुरू झाले. इतिहासाच्या पेपरात अंतर्निरीक्षण पद्धतीच्या मर्यादा विचारल्या होत्या. मी चार पानं लिहिली. अंतर्निरीक्षण व्यक्तिनिष्ठ असते, ते पडताळता येत नाही, प्रयोज्य सत्य सांगेलच याची खात्री नसते, असं सगळं मुद्देसूद. प्रयोगकर्ता ऐकेलच याची खात्री नसते, हा मुद्दा कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्या पेपरात मी विभागात पहिली आले.

आषाढात आखाडीला रीतीप्रमाणे वहिनी माहेरी गेली, आणि परतली नाही. दादा आणायला दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला नाही. ‘‘तिथं मले गुदमरते,’’ एवढंच ती त्याला म्हणाली. त्याला ते कळलं नाही, कारण आमच्या घराला तर चार खिडक्या होत्या. दोन्हीकडची वडीलधारी बसली, भांडण कोणीच केलं नाही, आणि फारकत झाली. आई म्हणाली, ‘‘काही कमी होतं का इथं पोरीले?’’ दादानं पुढे दुसरं लग्न केलं. तो आता रायपूरला असतो, पोरंबाळं आहेत, बरं चाललंय. आई गेली तेव्हा तिच्या तोंडी वहिनीचं नाव नव्हतं. नाव काढलं नाही की माणूस विसरतं, हे तिचं तिच्यापुरतं तरी खरं ठरलं असेल.

मला मात्र नोकरी लागली आणि दरवर्षी तोच विषय पुन्हा समोर येत गेला. वर्तनवाद्यांनी हाकललेलं मन पुढच्या पिढीनं पुन्हा आत घेतलं. समष्टिवाले म्हणाले, तुकडे जोडून माणूस होत नाही, आकृती पाहताना मागची पार्श्वभूमीही पाहा. मानवतावादी म्हणाले, कुठलीही अट न घालता समोरच्याचं ऐका, एवढ्यानंच तो अर्धा बरा होतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते तेव्हा खडू हातात जड होतो. मग बोधवादी आले, त्यांनी मनाचं संगणकाशी नातं जुळवलं. आता मुलं मेंदूच्या रंगीत चित्रांत दुःख कुठे असतं ते दाखवतात. मी शिकवते. वाईट शिकवत नाही. पण प्रत्येक संप्रदाय संपवताना मला वाटतं, की हा मला माहीत होता तेव्हाही ती उंबऱ्याजवळ बसलेलीच होती.

समीक्षाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हटलं, आई बोलली ते सगळं लिही, पानं जोड, आणि लिहायचं नसेल तर लिहू नकोस, पण तिनं सांगायला सुरुवात केली होती ते पूर्ण ऐकून घे. ती गोंधळून म्हणाली, ‘‘पण मॅडम, मी तिले म्हटलं ना, का एवढं नाही पाह्यजे. ती आता काही नाही म्हणते. काम करून राहिली.’’

रविवारी मी उमरेडची बस धरली. जुनं जर्नल पिशवीत होतं. का घेतलं होतं, मला सांगता येणार नाही. गुन्हेगार हत्यार घेऊन हजर होतो, तसं काहीतरी असावं. वहिनीचा पत्ता मिळवायला त्रास पडला नाही. ती अंगणवाडीत सेविका आहे, तिला सगळा मोहल्ला ओळखतो. घर जुनंच, आई-वडील आता नाहीत. वडिलांचा माग जिथे होता तिथे वजनकाटा, वह्या आणि रंगीत तक्ते. केस बरेच पांढरे झालेत. मला पाहून ती क्षणभर दारात थांबली.

‘‘ताई?’’ म्हणाली. ‘‘इतक्या उन्हाच्या? या, या, आत या.’’

गूळ-पाणी झालं. माझी आई कशी गेली ते विचारून झालं, दादाचंही विचारलं, त्याच्या पोरांची नावं विचारली. तिच्या बोलण्यात कुठे कडवटपणा नव्हता, आणि त्यानं मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. मी पिशवीतून जर्नल काढलं, शेवटचं पान उघडून तिच्या हातात दिलं.

तिनं चष्मा लावला. बोट ठेवून सावकाश वाचलं. ‘‘नंतर प्रयोग मनोरंजक वाटला.’’ खाली बघितलं. ‘‘ही सही माही नाही.’’

‘‘नाही. मी केली होती.’’

‘‘मार्क तर भेटले ना चांगले?’’

‘‘भेटले.’’

‘‘मंग झालं तर,’’ ती म्हणाली. यात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. माणसाचं मन ओळखण्याचा पगार घेते मी.

मी म्हटलं, ‘‘वहिनी, त्या दिवशी तू म्हणाली होतीस, एक सांगायचं आहे. मी ऐकलं नाही. ते ऐकायला आले आहे. उशीर झाला, मला कळतं.’’

मी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. बाहेर कोणाच्या तरी घरी माग चालू होता. तिनं जर्नल मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

‘‘तुमाले वाटलं असन, का मी लई मोठं सांगणार होती. रडणार होती.’’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘‘तसं नव्हतं काही. मी तिचं नाव ठेवलं होतं. दवाखान्यातच, नर्सबाईनं नेलं त्याच्या आधी. तेवढंच सांगाचं होतं, का हे तिचं नाव आहे. कोण्या एकाले तरी माहीत असावं म्हणून. दोन मिंटं लागले नसते ताई.’’

मी विचारलं, ‘‘काय नाव ठेवलं होतं?’’

वहिनीनं माझा हात हातात घेतला. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. तिनं तो थोपटला, अंगणवाडीत रडणाऱ्या पोराला थोपटावा तसा, आणि मान हलवली.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आता नाही सांगत.’’